‘थेट परिणाम’ कोणावर? इंटरऑपरेबल युरोप अॅक्टच्या कलम 3 मधील दोन वाक्यांवर भाष्य

युरोपीय संघाचा 2024/903 क्रमांकाचा विनियम ‘इंटरऑपरेबल युरोप अॅक्ट’ या नावाने ओळखला जातो. 13 मार्च 2024 ही त्याची तारीख. 11 एप्रिल 2024 रोजी तो अमलात आला आणि कलम 3 ची बंधने 12 जानेवारी 2025 पासून लागू झाली. या कलमात दोन वाक्यांचा एक लहानसा परिच्छेद आहे. घाईने वाचणारा तो ओलांडून पुढे जातो. पण एका देशाच्या सीमेत न मावणाऱ्या डिजिटल सरकारी सेवा घडवताना लोकांना विचारायचे की नाही, कोणाला विचारायचे आणि किती, हा सारा प्रश्न त्या दोन वाक्यांत दाटून बसला आहे. म्हणून त्यांचे पदशः वाचन करू.

परिच्छेदाचा मराठी अन्वय असा: संबंधित संघीय किंवा सार्वजनिक संस्था, सेवा घेणाऱ्या व थेट परिणाम होणाऱ्या व्यक्तींशी, नागरिकांसह, किंवा त्यांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करील. हा विचारविनिमय व्यापारी अथवा सार्वजनिक हितांच्या, किंवा अशा सेवांच्या सुरक्षिततेच्या रक्षणास बाध न आणता होईल.

आधी संदर्भ. कलम 3 चा विषय ‘इंटरऑपरेबिलिटी मूल्यमापन’ हा आहे. इंटरऑपरेबिलिटी म्हणजे एका देशाच्या यंत्रणेने पाठवलेली माहिती दुसऱ्या देशाच्या यंत्रणेला मिळणे, कळणे आणि कामी लावता येणे. नुसती मिळून भागत नाही, कळावी लागते. कोणतीही नवी किंवा मोठ्या प्रमाणावर बदललेली ‘बंधनकारक अट’ घालण्याचा निर्णय घेण्यापूर्वी हे मूल्यमापन करावे लागते. ‘बंधनकारक अट’ म्हणजे काय, हे कलम 2 सांगते: कायदेशीर, संघटनात्मक, अर्थविषयक (म्हणजे माहितीच्या अर्थासंबंधीचे, पैशाविषयीचे नव्हे) किंवा तांत्रिक स्वरूपाचे असे बंधन, मनाई, निकष किंवा मर्यादा, जिचा सीमापार इंटरऑपरेबिलिटीवर परिणाम होतो. याचा अर्थ ही अट बहुधा नागरिकाच्या डोळ्यांसमोर नसते. जन्मदाखल्यात कोणते रकाने असावेत, कोणत्या संकेतयादीतून वैवाहिक स्थिती निवडावी, कोणत्या दर्जाची ओळख पटवावी, अशा स्वरूपाची ती असते. हे लक्षात ठेवून पुढे चला, कारण विचारण्याची अडचण इथूनच सुरू होते.

‘संबंधित संघीय किंवा सार्वजनिक संस्था’

म्हणजे जी अट घालते ती. ब्रुसेल्समधला आयोग असेल, एखाद्या सदस्य राष्ट्राचे मंत्रालय असेल, नगरपालिकाही असू शकेल. पद सोपे वाटते, पण याच कलमाचा पहिला परिच्छेद शेजारी ठेवून वाचा. तिथे सूट आहे: एखाद्या अटीचे मूल्यमापन आधीच झाले असेल, किंवा संघीय संस्थांनी पुरवलेल्या उपाययोजनेतूनच ती अट अमलात येत असेल, तर सार्वजनिक संस्थेला पुन्हा मूल्यमापन करावे लागत नाही. हेतू चांगला आहे. 27 राष्ट्रांनी एकाच गोष्टीचे 27 अहवाल लिहू नयेत. पण विचारविनिमय हा मूल्यमापनाच्या कलमात बसलेला आहे. मूल्यमापन टळले की त्यालाच जोडलेला विचारविनिमयही टळतो. म्हणजे प्रश्न एकदाच विचारला जातो, आणि तोही वरच्या पायरीवर. ज्या खिडकीपाशी माणूस प्रत्यक्ष अडतो, त्या खिडकीच्या मालकावर विचारण्याचे बंधन राहीलच असे नाही. शब्दांत हे लिहिलेले नाही, रचनेतून निघते.

‘विचारविनिमय करील’

‘करील’ हे इथे आज्ञेच्या अर्थाने आहे. ‘करू शकेल’ असे म्हटलेले नाही. तेव्हा संस्थेला इथे पर्याय नाही, हे निःसंशय.

पण काय करील? विचारविनिमय. सहरचना नव्हे, संमती घेणेही नव्हे. शेरी अर्नस्टाइन या अमेरिकन अभ्यासिकेने 1969 साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्या शिडीत विचारविनिमय खालून चौथ्या पायरीवर आहे, आणि तिसरी, चौथी, पाचवी या तिन्ही पायऱ्यांना तिने नावापुरत्या सहभागाच्या गटात टाकले आहे. लोकांचे ऐकले जाते, पण ऐकलेले निर्णयात उतरेल याची हमी नसते, हे तिचे कारण. या विनियमाने चौथी पायरी निवडली आहे. भाष्यकाराने त्याला सहावीवर चढवू नये. मूळ जितके देते तितकेच घ्यावे, पण जितके देते तितके पूर्ण घ्यावे.

शंका: केव्हा विचारायचे, हे परिच्छेदात नाही. निर्णय झाल्यावर विचारले तर चालेल का? समाधान: नाही. मूल्यमापन ‘निर्णय घेण्यापूर्वी’ करायचे, असे पहिला परिच्छेद सांगतो, आणि विचारविनिमय त्याच कलमाचा भाग आहे. अंगाचा काळ अंगीचाच काळ, म्हणजे भागाची वेळ तीच जी पूर्णाची. याउलट 2018/1724 या विनियमात, म्हणजे ‘एकल डिजिटल प्रवेशद्वारा’च्या कायद्यात, वापरकर्त्यांसाठी निनावी अभिप्राय देण्याचे साधन आहे. तिथे सेवा वापरून झाल्यावर माणूस सांगतो की बरी होती की वाईट. तोही आवाज मोलाचा, पण तो तयार इमारतीत राहायला आलेल्याचा आवाज आहे. आपला परिच्छेद नकाशाच्या वेळचा आहे. दोघांची गल्लत करू नये.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला इथे ‘हरकती व सूचना’ आठवतील. 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, ठरावीक मुदतीत हरकती येतात, नियोजन समिती सुनावणी घेते. तुलना उपयोगी आहे, पण ती जिथे तुटते ती जागाच जास्त शिकवते. आराखड्यात रस्त्याची रेघ ज्याच्या सर्व्हे नंबरावरून गेली, त्याला आपण बाधित आहोत हे नकाशा पाहताच कळते. तो स्वतःहून येतो, वकील घेऊन येतो. रकान्यांच्या यादीत कोणाचा सर्व्हे नंबर नसतो. ज्याच्यावर ती रेघ जाणार, त्याला ती गेली हे तीन वर्षांनी परदेशातल्या एखाद्या कार्यालयात अर्ज परत आल्यावर कळते. म्हणून नुसती सूचना लावून हरकतींची वाट पाहणे या कलमाखाली पुरेसे मानता येणार नाही. ‘करील’ या क्रियापदाचा कर्ता संस्था आहे. शोधत जाण्याचे काम तिचे.

‘सेवा घेणाऱ्या’

या पदावर थांबणे भाग आहे. विनियमाच्या व्याख्यांत हे पद नाही. ‘सीमापार इंटरऑपरेबिलिटी’ची व्याख्या आहे, ‘बंधनकारक अटी’ची आहे, ‘गव्हटेक’चीही (सरकार व खासगी क्षेत्राच्या तंत्रज्ञानविषयक सहकार्याचीही) आहे, पण सेवा घेणारा कोण, हे कुठेच सांगितलेले नाही. जिथे व्याख्या नसते तिथे शेजारच्या कायद्यांत डोकावण्याची रीत आहे. दोन ठिकाणे सापडतात, आणि ती परस्परांपासून दूर नेतात.

पहिले ठिकाण 2018/1724 चे कलम 3. तिथे ‘वापरकर्ता’ म्हणजे संघाचा नागरिक, किंवा सदस्य राष्ट्रात राहणारी व्यक्ती, किंवा तिथे नोंदणीकृत संस्था, जी प्रवेशद्वारातून माहिती, प्रक्रिया किंवा मदत घेते. ‘घेते’ या शब्दाकडे पाहा. जो आत आला तोच वापरकर्ता. त्याच कलमात ‘सीमापार वापरकर्त्या’ची व्याख्याही आहे, आणि ती मोठी मासलेवाईक आहे: ज्याची परिस्थिती सर्व बाबतींत एकाच सदस्य राष्ट्रापुरती मर्यादित नाही असा वापरकर्ता. नकारातून केलेली व्याख्या! तो कुठला आहे हे ती सांगत नाही. तो पुरता कुठलाच नाही, एवढेच सांगते.

दुसरे ठिकाण 2006 चा सेवा निर्देश, म्हणजे 2006/123. त्याच्या कलम 4 मध्ये सेवा घेणारा म्हणजे सदस्य राष्ट्राचा नागरिक, किंवा संघाच्या कायद्यांनी ज्याला हक्क दिले आहेत अशी व्यक्ती, जी सेवा वापरते ‘किंवा वापरू इच्छिते’. हे तीन शब्द लाखमोलाचे आहेत.

शंका: सेवा निर्देश मोबदल्यासाठी दिल्या जाणाऱ्या सेवांचा कायदा आहे, सरकारी डिजिटल सेवांचा नव्हे. मग त्याची व्याख्या इथे उसनी का घ्यावी? शंका रास्त आहे. व्याख्या थेट लागू होते असे माझे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की विनियमकर्त्यांसमोर ‘वापरकर्ता’ हा शब्द तयार होता, 2018 पासून रुळलेला होता, आणि तरी त्यांनी या परिच्छेदात ‘सेवा घेणारे’ हा वेगळा शब्द योजला. संघाच्या कायद्यात त्या शब्दाला आधीपासून एक रुंद अर्थ चिकटलेला आहे. वेगळा शब्द वेगळ्या अर्थासाठी, हा वाचनाचा सामान्य नियम. तेव्हा रुंद अर्थ घेणे अधिक सयुक्तिक. आणि प्रयोजन पाहिले तरी तेच निघते. विचारविनिमय सेवा घडण्यापूर्वीचा आहे. सेवा अजून घडलीच नाही, तर तिचा ‘वापरकर्ता’ कुठून आणणार? त्या क्षणी जगात आहेत ते फक्त वापरू इच्छिणारे.

याचा परिणाम काय? ‘वापरू इच्छिणारे’ यांत सर्वात मौल्यवान गट असतो प्रयत्न करून सोडून दिलेल्यांचा. ज्याने लॉगिन केले, दुसऱ्या देशाची ओळख चालली नाही म्हणून टॅब बंद केला आणि दोन तास गाडी चालवून कागद नेऊन दिला, तो. सेवेच्या आकडेवारीत तो अर्ध्यावर तुटलेली नोंद म्हणून राहतो. अभिप्रायाच्या साधनापर्यंत तो बहुधा पोचतच नाही. समाधानी वापरकर्त्यांना बोलावून विचारणे सोपे, कारण त्यांचे पत्ते यंत्रणेत असतात. माझ्या वाचनानुसार कलम 3 आधी या दुसऱ्या माणसाला शोधायला सांगते. सीमापार सेवांत लोकांना सामील करून घेण्याची मुख्य अडचण मला हीच वाटते. लोक उदासीन आहेत असे नाही. ज्यांना विचारायला हवे ते पार न झाल्यामुळेच यंत्रणेला दिसत नाहीत.

‘थेट परिणाम होणाऱ्या’

इंग्रजी पाठात हे विशेषण सेवांच्या लगेच पुढे येते. म्हणून दोन अन्वय संभवतात. एक: ज्या सेवांवर थेट परिणाम होतो, त्या सेवा घेणारे. दोन: सेवा घेणाऱ्यांपैकी ज्यांच्यावर थेट परिणाम होतो, ते. पहिला अन्वय घेतला तर वर्तुळ मोठे होते, कारण सेवेवर परिणाम झाला की ती घेणारे सारे आत येतात. दुसरा घेतला तर प्रत्येकाच्या बाबतीत परिणाम सिद्ध करावा लागतो. मी वरचा मराठी अन्वय दोन्हींना जागा ठेवून केला आहे. व्यवहारात पहिला धरावा असे मला वाटते. कारण सरळ आहे: परिणाम कोणावर होतो हे आधी माहीत असते, तर विचारण्याची गरजच काय होती?

हे उदाहरणाने पाहू. 2018/1724 चे कलम 14 ‘एकदाच’ या तत्त्वाचे कलम आहे. म्हणजे सरकारजवळ एकदा दिलेला पुरावा नागरिकाकडून पुन्हा मागू नये, तो एका देशाच्या प्राधिकाऱ्याने दुसऱ्याकडून थेट घ्यावा. हे 12 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. त्यात वापरकर्त्याच्या बाजूने दोन पक्की कुंपणे घातली आहेत. त्याने स्पष्टपणे मागितल्याशिवाय देवाणघेवाण होत नाही, संघाचा किंवा देशाचा कायदा वेगळे सांगत नसेल तर. आणि पुरावा पुढे जाण्यापूर्वी तो पाहून जाऊ द्यायचा की नाही हे ठरवण्याची सोय त्याला मिळते. कागदावर याहून नागरिकस्नेही तरतूद क्वचितच सापडेल.

आता तीच तरतूद पडद्यावर पाहा. पूर्वावलोकन पुरावा देणाऱ्या देशाच्या बाजूला होते. म्हणजे पोर्तुगालच्या संकेतस्थळावर अर्ज भरणारी, पोलंडमध्ये जन्मलेली बाई आपला जन्मदाखला पाहण्यासाठी पोलंडच्या पानावर पाठवली जाते, तिथे तिला पुन्हा ओळख पटवावी लागू शकते, आणि मग ती परत पोर्तुगालच्या पानावर येते. प्रत्येक पाऊल कायद्याला धरून आहे. प्रत्येक पावलाला सुरक्षेचे कारण आहे. तरी ‘पाहून ठरवा’ हा हक्क तिला दोन देशांच्या पानांमधली ये-जा म्हणून भेटतो, आणि मधल्या पानावर आपण फसवल्या तर जात नाही ना, अशी शंका तिच्या मनात आली तर तिला दोष देता येणार नाही. या रचनेत ‘थेट परिणाम’ कुठे आहे? कोणत्याही एका देशाच्या सेवेत नाही. तो दोन सेवांच्या सांध्यावर आहे. पोर्तुगालने आपल्या वापरकर्त्यांना विचारले, पोलंडने आपल्या, तरी सांध्यावरची बाई कोणाच्याच यादीत येत नाही. तांत्रिक बाजूने देशांची पथके एकत्र जमून यंत्रणा जोडून पाहतात, त्या चाचण्यांना ‘प्रोजेक्टॅथॉन’ म्हणतात. यंत्रणांचे बोलणे तिथे तपासले जाते. माणूसही तसाच दोन्ही बाजूंच्या साक्षीने तपासायला हवा, म्हणजे ‘थेट’ या शब्दाला न्याय मिळेल. त्यासाठी दोन देशांच्या संस्थांनी मिळून एक विचारविनिमय करावा लागतो. परिच्छेदात ‘संस्था’ एकवचनी आहे, पण एकवचन संयुक्त कृतीला मनाई करत नाही.

दुसरे उदाहरण नावांचे. ओळखीच्या युरोपीय चौकटीत (विनियम 910/2014) सीमेपलीकडे जाणारी किमान माहिती म्हणजे आडनाव, नाव, जन्मतारीख आणि एक अनन्य क्रमांक. चार रकाने. यात अडचण ती काय? मराठी माणसाने आपला अनुभव आठवावा. आपले नाव तीन पदरी असते: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. पासपोर्टवर मधले नाव पहिल्याला चिकटलेले असू शकते. म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरच्या जर्मन निवासपरवान्यात तसेच उतरते, आणि नंतर दुसऱ्या देशात नोकरी धरताना तिथल्या नोंदवहीत कोणी ते वेगळे काढले, की दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे यंत्रणेला पटत नाही. स्पेनमध्ये दोन आडनावे असतात, त्यांचीही गत अशीच होऊ शकते. जन्मतारखेचे तर विचारूच नका. शाळेत घालताना मास्तरांनी 1 जून लिहिलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे, आणि दिवस-महिना ठाऊक नसलेली माणसे जगात सर्वत्र आहेत. चार रकाने ठरवणाऱ्या समितीला हे कोणी सांगावे? ज्याच्यावर गुदरले त्याने. पण समिती ज्याला ‘अर्थविषयक अट’ म्हणते, त्याला तो ‘माझे नाव चुकीचे छापले’ म्हणतो. विचारविनिमयाची भाषा दुसरी असावी लागते. तक्रारीतून अट ओळखणे हे विचारणाऱ्याचे कौशल्य आहे, सांगणाऱ्याचे नव्हे.

‘नागरिकांसह’

वाक्य ‘नागरिकांसह’ म्हणते, ‘नागरिकांशी’ नव्हे. सह म्हणजे नागरिक आहेतच, पण फक्त तेच नाहीत. संघाच्या मूळ करारात संघाचा नागरिक म्हणजे सदस्य राष्ट्राचे नागरिकत्व असलेला. म्युनिकचा आपला इंजिनिअर नागरिक नाही. पण सामाजिक सुरक्षेच्या समन्वयाचा 883/2004 हा विनियम 2010 साली, 1231/2010 या विनियमाने, संघाबाहेरच्या देशांच्या पण संघात कायदेशीर राहणाऱ्या व सीमापार परिस्थितीत असलेल्या लोकांना लागू केला गेला. डेन्मार्क त्यात नाही. याचा अर्थ या इंजिनिअरने आधी जर्मनीत आणि मग नेदरलँड्समध्ये भरलेली वर्गणी निवृत्तिवेतनासाठी एकत्र मोजली जाते, आणि ती माहिती एका यंत्रणेतून दुसरीत जाते. तो सेवा घेणारा आहे. सेवा निर्देशातली ‘संघाच्या कायद्यांनी हक्क दिलेली व्यक्ती’ ही शब्दयोजना त्याला नेमकी बसते. मग ‘नागरिक’ हा शब्द का घातला? माझ्या मते, विचारविनिमय केवळ उद्योग आणि संघटनांपुरता आटोपू नये म्हणून. तो शब्द आत घेणारा आहे, बाहेर काढणारा नव्हे.

‘किंवा त्यांच्या प्रतिनिधींशी’

परिच्छेदातले सर्वात सैल पद. ‘किंवा’ म्हणजे एकाला विचारले की दुसऱ्याला विचारण्याचे बंधन उरत नाही. प्रतिनिधींना विचारणे स्वस्त असते, त्यांना दुभाषा लागत नाही, सुटी काढावी लागत नाही. म्हणून संस्था याच पर्यायाकडे झुकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

प्रश्न असा की सीमापार माणसाचा प्रतिनिधी कोण? लक्झेंबर्ग पाहा. तिथल्या नोकरदारांपैकी जवळपास निम्मे फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियममधून रोज येतात. कर आणि वर्गणी लक्झेंबर्गमध्ये भरतात, मत आपापल्या गावी देतात. लक्झेंबर्गच्या संसदेत त्यांच्या मतांवर निवडून आलेला कोणी नसतो, आणि त्यांच्या स्वतःच्या संसदेला लक्झेंबर्गच्या संकेतस्थळावर अधिकार नसतो. लोकशाहीत प्रतिनिधित्व प्रदेशाला बांधलेले आहे, आणि ही माणसे दोन प्रदेशांत विभागलेली आहेत. निवडून आलेला प्रतिनिधी इथे कामाचा नाही.

मग कोण? कामगार संघटना काही प्रमाणात. सीमाप्रदेशांची युरोपीय संघटना 1971 पासून आहे, पण ती प्रदेशांची, व्यक्तींची नव्हे. मला अधिक भरवशाचे वाटतात ते सल्ला देणारे लोक. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनराथ आणि नेदरलँड्समधल्या केर्क्राडे या गावांमधून एक रस्ता जातो, एका बाजूला नॉयश्ट्रासे, दुसऱ्या बाजूला नूवस्ट्राट, आणि देशांची सीमा त्या रस्त्याच्या मधून लांबीने जाते. तिथे, सीमेवरच उभ्या इमारतीत, सीमापार काम करणाऱ्यांना माहिती देणारे केंद्र आहे. अशी केंद्रे आणि 2002 पासून देशोदेशी चालणारी ‘सॉल्व्हिट’ ही मोफत तक्रारनिवारण सेवा, यांच्या टेबलावर तीच तीच अडचण पुन्हा पुन्हा येते. कोणत्या रकान्यात माणसे अडकतात हे तिथल्या सल्लागाराला पाठ असते. तो निवडलेला नाही, नेमलेला आहे. काटेकोर अर्थाने त्याला प्रतिनिधी म्हणता येईल का? वादाचा मुद्दा आहे. माझे मत: प्रतिनिधी म्हणून नव्हे, पण ‘सेवा घेणाऱ्यां’पर्यंत पोचण्याचा रस्ता म्हणून त्याला धरावे. त्याच्याशी बोलून ‘किंवा’ची बाजू पूर्ण झाली असे संस्थेने समजू नये.

‘बाध न आणता’

दुसरे वाक्य. व्यापारी हित, सार्वजनिक हित, सेवांची सुरक्षितता, या तिन्हींच्या रक्षणास बाध न आणता. रुंद वाचन असे: सुरक्षेचा प्रश्न असेल तर विचारूच नये. अरुंद वाचन असे: विचारावे, पण विचारताना जे उघड करणे धोक्याचे, ते उघड करू नये. निर्णय वाक्याच्या कर्त्यावरून होतो. वाक्याचा कर्ता आहे ‘हा विचारविनिमय’. जो झालाच नाही तो बाध आणील कसा आणि न आणील कसा? वाक्य विचारविनिमय गृहीत धरते आणि त्याची रीत ठरवते. अरुंद वाचन बरोबर. ‘सार्वजनिक हित’ हे पद मात्र इतके लवचिक आहे की त्यात काहीही कोंबता येते, आणि कोंबले जाईल. कारण न देता हा शब्द वापरणाऱ्या अहवालावर अभ्यासकाने लाल रेघ मारावी.

जे लिहिलेले नाही

दोन गोष्टी. पहिली भाषा. संघाच्या अधिकृत भाषा 24 आहेत, आणि मूलभूत हक्कांच्या सनदेचे कलम 41 प्रत्येकाला संघाच्या संस्थांना त्यांपैकी कोणत्याही भाषेत लिहून त्याच भाषेत उत्तर मिळवण्याचा हक्क देते. पण हा हक्क संघीय संस्थांपुरता आहे. केर्क्राडेच्या नगरपालिकेने जर्मन भाषेत विचारावे असे तो सांगत नाही. कलम 3 सुद्धा गप्प आहे. बहुभाषिक विचारणे अशक्य आहे, ही सबब मात्र टिकणार नाही. युरोपच्या भवितव्यावरच्या परिषदेत, 2021-22 मध्ये, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या 800 नागरिकांच्या चार मंडळांनी दुभाष्यांच्या मदतीने चर्चा केली, प्रत्येक मंडळात 200, त्यांतले किमान एकतृतीयांश 16 ते 25 वयाचे. खर्च होतो. पण तो करायचा की नाही हा इच्छेचा प्रश्न आहे, शक्यतेचा नव्हे. एका रकान्यासाठी 800 माणसे नकोत. सीमेच्या दोन्ही बाजूंची, दोन भाषांतली दहा माणसे आणि कच्चा नमुना पुष्कळ झाला.

दुसरी गोष्ट निष्पत्तीची. मूल्यमापनाचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यात काय असावे याची यादी विनियमाच्या परिशिष्टात आहे: संस्था कोणती, उपक्रम कोणता, कोणत्या सेवा, कोणत्या अटी, कोणते हितसंबंधी, सीमापार परिणाम कोणते, कोणत्या उपाययोजना सापडल्या, आणि कोणते अडथळे शिल्लक राहिले. लोकांनी काय सांगितले, आणि त्याचे काय केले, असा रकाना या यादीत नाही. विचारणे बंधनकारक आणि सांगणे ऐच्छिक, असा हा विसंवाद आहे. तो मिटवायचा तर शेवटच्या रकान्याचा आधार घ्यावा. ‘शिल्लक अडथळे’ हे पद व्यापक आहे. ज्या व्यक्तींवर थेट परिणाम होतो त्यांनी सांगितलेला आणि अट घालूनही न सुटलेला प्रत्येक अडथळा त्यात बसतो. एखादा अहवाल हाती आला की तो रकाना आधी उघडा. तिथे फक्त मानके आणि प्रणालींची नावे असतील आणि एकाही माणसाची अडचण नसेल, तर कलम 3 मधला विचारविनिमय झाला होता का, हा प्रश्न संस्थेला लेखी विचारण्यास पुरेसे कारण मिळाले असे समजा.